बांधावरची माणसं

दिवाळी उरकली की आमच्या भागात तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. ताडपत्रीचं छप्पर, बांबूला टांगलेले स्वेटर आणि कोपऱ्यात दलाई लामांचा हार घातलेला फोटो. गेल्या थंडीत लेकीसाठी कानटोपी घेताना दुकानातल्या बाईंना सहज विचारलं, "तुम्ही कुठल्या?" मला वाटलं, धरमशाला म्हणतील. त्या म्हणाल्या, "गोठणगाव. गोंदिया जिल्हा." आणि पुढे चांगल्या मराठीत, "भाताची शेती आहे आमची. वडील ५९ साली तिकडून आले."

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ साली वसली. त्या बाईंचे वडील जी सीमा ओलांडून आले, तिच्याबद्दल भारत आणि चीन आजही बोलणी करताहेत. आपण बातमीत वाचतो ते किलोमीटर, गस्त, नकाशे. पण ही बोलणी कधी पुढे सरकतात, कधी अडतात आणि कधी अचानक कडू होतात, हे समजून घ्यायचं तर नकाशाइतकंच त्या दुकानातल्या फोटोकडेही बघावं लागतं. सीमेवर राहणारा, राजधानीतल्या बहुसंख्याकांपेक्षा वेगळी भाषा आणि वेगळा धर्म असणारा समाज दोन देशांच्या वाटाघाटींमध्ये काय काम करतो, ते इथे चीन आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या उदाहरणावरून सांगायचा प्रयत्न करतो.

बांधाचं भांडण आपल्याला नवं नाही. दोन शेतकरी, मधे बांध, एक म्हणतो माझा दोन हात आत आला, दुसरा म्हणतो आजोबांपासून आहे तिथेच आहे. मोजणी मागवतात, सातबारा काढतात, वहिवाटीचे साक्षीदार उभे करतात. आता यात तिसरा माणूस घाला. समजा, बांधालगत एक कूळ आहे. त्याचे भाऊबंद पलीकडच्या शेतात राहतात, त्याचं देऊळही पलीकडेच आहे. एक दिवस हे कूळ आपल्या मालकावर उलटतं आणि रात्रीतून शेजाऱ्याच्या वाड्यात आसरा घेतं. त्या दिवसापासून मालकाला दोन हात जमिनीपेक्षा शेजाऱ्याच्या वाड्याचं दार जास्त महत्त्वाचं वाटू लागतं. मग तो एक तर शेजाऱ्याला म्हणतो, "घे बाबा बांध तुझ्या मनासारखा, पण ते दार बंद कर." नाहीतर त्याला संशय येतो की शेजाऱ्यानेच कुळाला फूस लावली, आणि मग तो इंचभरही हलत नाही.

चीनने हे दोन्ही केलं, आणि तेही जवळपास एकाच वेळी.

चीनच्या सुमारे २२ हजार किलोमीटरच्या भूसीमेला १४ देश लागतात. लोकसंख्येत तिथले अल्पसंख्याक समाज दहा टक्क्यांहून कमी आहेत, पण देशाच्या निम्म्याहून जास्त जमिनीवर परंपरेने तेच राहत आले. तिबेटी, उइगुर, कझाक, किरगीझ, मंगोल, काचिन, शान. आणि त्यांतल्या बहुतेकांचे सख्खे भाऊबंद सीमेपलीकडे आहेत.

मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री दलाई लामा राजवाड्यातून निघाले आणि ३१ मार्चला तवांगच्या वाटेने भारतात पोचले. त्यांच्यामागून हजारो लोक आले. हे सगळं चालू असताना बीजिंगपुढे एक रोखठोक प्रश्न होता. हिमालयाची एवढी लांब, उघडी सीमा, तिच्यावर बंडखोर ये-जा करणार, पलीकडून शस्त्रं येणार, ती बंद कशी करायची? सैन्य उभं करून भागणार नव्हतं. शेजाऱ्याची साथ हवी होती.

मग काय झालं ते तारखा शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. वर्षानुवर्षं रेंगाळलेला ब्रह्मदेशाशी सीमाकरार जानेवारी १९६० मध्ये ठरला आणि ऑक्टोबरमध्ये पक्का तह झाला. नेपाळशी मार्च १९६० मध्ये करार, ऑक्टोबर १९६१ मध्ये तह. एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन लाय एका मोठ्या दौऱ्यावर निघाले आणि ओळीने रंगून, दिल्ली, काठमांडूला गेले. सीमेची एवढी घाई चीनने त्याआधी कधी केली नव्हती. तिबेटचा उठाव हेच या घाईचं एकमेव कारण होतं असं मी म्हणणार नाही. रशियाशी बिनसत होतं, देशात दुष्काळ पडला होता. पण तिबेट बाजूला काढलं तर त्या वर्षीची ही धावपळ समजतच नाही.

ब्रह्मदेशाच्या कराराकडे जरा थांबून बघू या. तिथल्या सीमेचा उत्तरेकडचा तुकडा मॅकमहॉन रेषेचाच होता, म्हणजे ब्रिटिशांनी १९१४ साली आखलेली तीच रेषा, जी भारताच्या बाबतीत चीनला मान्य नव्हती. ब्रह्मदेशाच्या बाबतीत चीनने ती जवळजवळ जशीच्या तशी घेतली. फक्त नाव घेतलं नाही, 'परंपरागत सीमा' म्हटलं. नामवान नावाचा सुमारे २२० चौरस किलोमीटरचा पट्टा ब्रिटिशांनी १८९७ साली चीनकडून कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला होता. काचिन आणि शान भागांना जोडणारा रस्ता त्यातून जात असे. तो पट्टा चीनने ब्रह्मदेशाला देऊन टाकला. बदल्यात फिमॉ, गॉलम आणि कांगफांग ही तीन गावं आणि दक्षिणेकडे वा लोकांचा थोडा मुलूख घेतला. वरवर बघता हा लहान शेजाऱ्याशी केलेला समजूतदार व्यवहार होता. पण त्यासोबत आणखी काहीतरी हाती आलं. ब्रह्मदेशाच्या पूर्वेकडच्या डोंगरात चीनमध्ये कम्युनिस्टांकडून हरलेल्या च्यांग कै-शेकचं उरलंसुरलं सैन्य दडून बसलं होतं. तह झाल्यावर काही आठवड्यांतच चिनी आणि ब्रह्मी फौजांनी मिळून त्याच्यावर कारवाई केली. बांध दिला, दार बंद करून घेतलं.

आता ती तीन गावं. ती काचिनांची होती. रंगूनमधलं सरकार बहुसंख्य बर्मी समाजाचं होतं. काचिनांना वाटलं, आमचं घर आम्हाला न विचारता शेजाऱ्याला देऊन टाकलं. त्याच सुमारास बौद्ध धर्माला राजधर्म करायचं ठरत होतं, आणि काचिनांत ख्रिस्ती पुष्कळ. हे दोन राग एकत्र आले आणि फेब्रुवारी १९६१ मध्ये काचिन स्वातंत्र्य सेना उभी राहिली. ती लढाई आजही संपलेली नाही. म्हणजे एका देशाने आपल्या अल्पसंख्याकांचं बंड शमवण्यासाठी केलेल्या तहामुळे शेजारच्या देशात दुसऱ्या अल्पसंख्याकांच्या बंडाला धार आली. सीमाकराराच्या फोटोत सही करणारे हसत असतात. त्या फोटोत फिमॉ गावचा कोणी नसतो.

नेपाळची गोष्टही याच धाटणीची. मार्च १९६० च्या करारात दोन्ही बाजूंनी सीमेपासून २० किलोमीटरच्या आत सशस्त्र माणसं पाठवायची नाहीत असं ठरलं. जेमतेम तीन महिन्यांनी नेपाळच्या मुस्तांगजवळ खांपा या तिबेटी बंडखोरांच्या मागावर असलेल्या चिनी सैनिकांनी नेपाळी तुकडीवर गोळ्या झाडल्या, एक नेपाळी अधिकारी मारला गेला. चौ एन लाय यांनी माफी मागितली, नुकसानभरपाई दिली आणि वाटाघाटी चालू ठेवल्या. एरवी ताठ असणारं सरकार नेपाळपुढे इतकं नमतं घेतं, याचा अर्थ त्याला काठमांडूची किती गरज होती ते कळतं. पुढे मुस्तांगमध्ये अमेरिकेच्या मदतीने खांपांचे तळ बरीच वर्षं चालले. अमेरिकेचं चीनशी जमल्यावर ती मदत आटली आणि १९७४ साली नेपाळी सैन्याने तळ मोडून काढले. शस्त्रं खाली ठेवा, असा दलाई लामांचा ध्वनिमुद्रित संदेश त्या लढवय्यांना ऐकवावा लागला. मोठ्या देशांचं आपसात जुळलं की बांधावरच्या माणसांच्या मदतीचा हात पहिला सुटतो.

मग भारताशी का जमलं नाही? इथे आपल्याकडे चर्चा नेहरूंची चूक की चीनचा दगा एवढ्यावरच अडकते. मला वाटतं, तिबेटी माणूस या भांडणाच्या किती मध्यभागी होता, ते त्यात हरवतं.

दोन पत्रं शेजारी ठेवा. २३ जानेवारी १९५९ च्या पत्रात चौ नेहरूंना लिहितात की मॅकमहॉन रेषेबाबत चीनला कमी-अधिक वास्तववादी भूमिका घ्यावी लागेल. ८ सप्टेंबर १९५९ च्या पत्रात तेच म्हणतात की ही रेषा चीनला मुळीच मान्य नाही. मधे साडेसात महिने गेले. त्या काळात ल्हासाचा उठाव झाला, दलाई लामांना भारताने आश्रय दिला, निर्वासित रोखायला चिनी फौजा थेट सीमेवर येऊन बसल्या आणि ऑगस्टमध्ये लोंगजूला पहिली चकमक झडली. त्याच ऑक्टोबरात लडाखमध्ये कोंगका खिंडीजवळ आपले पोलीस मारले गेले. २१ ऑक्टोबरला आपल्या प्रत्येक जिल्ह्यात पोलीस स्मृतिदिनाची मानवंदना होते, ती त्यांच्यासाठी.

नेपाळ आणि ब्रह्मदेश दार बंद करायला तयार होते. भारताने शस्त्रं दिली नव्हती, तिबेट चीनचा भाग आहे हे १९५४ च्या करारातच मानलं होतं, पण आसरा मागायला आलेल्या धर्मगुरूला परत पाठवणं त्याला शक्य नव्हतं. ते योग्यच होतं, असं माझं ठाम मत आहे. बीजिंगला मात्र त्यात फूस दिसली. कुळाच्या मालकाचा संशय पक्का झाला.

दुसरी अडचण याहून खोल होती. मॅकमहॉन रेषेवर १९१४ साली सही केली ती ल्हासाच्या प्रतिनिधीने, बीजिंगच्या नव्हे. ती रेषा कायदेशीर मानायची तर तिबेटला तेव्हा स्वतःच्या जोरावर तह करायचा अधिकार होता हे मानावं लागतं. आणि तो होता म्हटलं, तर चीनच्या आजच्या दाव्याच्या पायालाच हात लागतो. म्हणून ब्रह्मदेशाला तीच रेषा नाव बदलून देता आली. भारताला ते नाव आणि तो करारच हवा होता, कारण आपला सगळा पुरावा त्यावर उभा होता. हजारो चौरस किलोमीटरच्या वादाखाली प्रश्न होता तो तिबेट म्हणजे काय, हा.

पश्चिमेकडेही तेच. अक्साई चीनमध्ये गवताची काडी उगवत नाही, असं नेहरू संसदेत म्हणाले होते आणि त्याबद्दल आजही त्यांना टोमणे बसतात. चीनला तिथे गवत नकोच होतं. १९५७ साली पुरा झालेला शिंजियांग-तिबेट रस्ता त्या पठारावरून जातो. उइगुरांचा प्रदेश आणि तिबेट्यांचा प्रदेश जोडणारा रस्ता. तिबेटच्या पश्चिम टोकाला फौज आणि धान्य पोचवायचं तर तोच भरवशाचा मार्ग. १९६० मध्ये चौ दिल्लीत सूचकपणे सांगत होते की पूर्व तुमच्याकडे राहू द्या, पश्चिम आमच्याकडे. म्हणजे त्यांच्या मते सगळ्यात मोलाची होती ती अस्वस्थ प्रदेशाला बांधून ठेवणारी वाट. दिल्लीत संसद खवळलेली होती, आणि भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्ती लागेल असं सर्वोच्च न्यायालयाने बेरूबारी प्रकरणात महिन्याभरापूर्वीच सांगितलं होतं. चौ रिकाम्या हाती परतले.

त्यानंतर दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी वर्षअखेरपर्यंत पुरावे मांडले. हे पुरावे म्हणजे वहिवाटीचे कागद. कोण कोणाला सारा भरत होतं, कोणाची गुरं कुठे चरत होती, कुठल्या मठाला धान्य जात होतं. तवांगचा मठ ल्हासाजवळच्या द्रेपुंग मठाशी बांधलेला आणि सहावे दलाई लामा तवांगजवळच जन्मलेले, म्हणून चीन म्हणतो तवांग तिबेटचं, आणि तिबेट आमचं. भारत म्हणतो, मठाला दिलेलं दान म्हणजे राज्याचा कर नव्हे. उलट बाजूने, कैलासच्या वाटेवरच्या मिनसर गावातून लडाखने शेकडो वर्षं सारा गोळा केला, तो कागद भारताच्या फाइलीत होता. तवांग भागातल्या मोनपा समाजाच्या शेतकऱ्याने भक्तिभावाने किंवा नाइलाजाने मठात नेऊन ओतलेलं धान्य पुढे दोन देशांच्या वकिली युक्तिवादात पुरावा म्हणून उभं राहील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

हा पुराव्याचा खेळ अजून चालू आहे. चीनने १९६४ साली मोनपांना आणि १९६५ साली ल्होबांना आपल्या अधिकृत अल्पसंख्याकांच्या यादीत घेतलं. या दोन्ही समाजांचे बहुतेक लोक भारताच्या बाजूला राहतात. भारताने फेब्रुवारी १९८७ मध्ये अरुणाचलला राज्याचा दर्जा दिला. २००८ साली दलाई लामांनी तवांग भारताचं आहे असं उघडपणे सांगितलं, आणि १९१४ च्या त्याच कराराचा आधार दिला. अल्पसंख्याकांच्या गुरूचं वाक्य असं एका देशाची सनद होतं आणि दुसऱ्याला काट्यासारखं सलतं.

एप्रिल २००५ मध्ये एक आशेची गोष्ट घडली होती. सीमाप्रश्न कुठल्या तत्त्वांवर सोडवायचा याचा करार झाला, आणि त्याच्या सातव्या कलमात लिहिलं गेलं की सीमाभागात वसलेल्या लोकांचे रास्त हितसंबंध दोन्ही बाजू जपतील. दिल्लीने याचा अर्थ घेतला की तवांगसारख्या वस्तीच्या भागाचा प्रश्न मिटला. दोनच वर्षांत चीनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी भारताचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जींना सांगितलं की नुसती वस्ती आहे म्हणून आमचा दावा बदलत नाही. कलम आजही तिथेच आहे. पुढच्या दलाई लामांना मान्यता कोणी द्यायची, हा वाद जसा जवळ येतोय, तसं चीनला तवांग सोडणं आणखी अवघड होणार, असं मला दिसतं. ज्या गावाने एक दलाई लामा दिला, ते दुसरा देऊ शकतं.

आता थोडं उत्तरेला, उइगुरांकडे. १९६२ च्या वसंतात शिंजियांगच्या इली आणि ताचेंग भागातून साठ हजारांहून जास्त कझाक आणि उइगुर गुराढोरांसह सोव्हिएत हद्दीत निघून गेले. गावंच्या गावं ओस पडली. उपासमार होतीच, आणि पलीकडून रशियाने दार उघडं ठेवलं होतं. बीजिंग ते कधी विसरलं नाही. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला आणि पलीकडे अचानक कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान असे तीन नवे देश उभे राहिले, तेव्हा चीनची पहिली भीती हीच होती, की त्यांच्याकडे बघून उइगुर म्हणतील, आमचा देश का नको? १९९० साली काशगरजवळ बारेनला उठाव होऊन गेलाच होता.

मग १९६० चाच धडा पुन्हा गिरवला गेला. कझाकस्तानशी १९९४ मध्ये करार, किर्गिझस्तानशी १९९६ आणि १९९९ मध्ये, ताजिकिस्तानशी १९९९ आणि २००२ मध्ये. ताजिकिस्तानकडे चीनचा दावा सुमारे २८ हजार चौरस किलोमीटरचा होता, मिटवलं हजाराच्या आसपास. एवढी सूट कोणी फुकट देत नाही. एप्रिल १९९६ मध्ये रशियासह हे पाच देश शांघायला एकत्र बसले, आणि त्यातूनच २००१ साली शांघाय सहकार्य संघटना उभी राहिली. तिने पहिल्याच दिवशी सही केली ती दहशतवाद, फुटीरतावाद आणि अतिरेकीवादाविरुद्धच्या करारावर. कझाकस्तानात दोन लाखांहून जास्त उइगुर राहतात. अल्माटीत त्यांच्या संघटना मोकळेपणाने काम करत, त्यांच्यावर बंधनं आली. जमिनीची सवलत उघड, दाराची अट कलमांच्या भाषेत.

किर्गिझस्तानने मात्र सुमारे सव्वा लाख हेक्टर जमीन चीनला दिली, आणि तिथल्या लोकांना ते सोसलं नाही. आवाज उठवणाऱ्या खासदाराला जानेवारी २००२ मध्ये अटक झाली. मार्चमध्ये अक्सी जिल्ह्यात निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. तीन वर्षांनी ते सरकार उलथलं, त्या रागाची एक मुळी अक्सीत होती.

आपल्या बाजूला लडाखमध्ये चांगपा पशुपालक आहेत. त्यांच्या पश्मिना बकऱ्या हिवाळ्यात ज्या कुरणांवर चरतात, त्यांतली कित्येक प्रत्यक्ष ताबारेषेला लागून आहेत. २०२० च्या चकमकींनंतर तणाव कमी करायला काही ठिकाणी मधे मोकळे पट्टे ठेवले गेले, जिथे कोणीच जायचं नाही. सैन्यासाठी तो तोडगा होता. चुशूलच्या पशुपालकांसाठी ते हातातून गेलेलं कुरण होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये डेपसांग आणि डेमचोकबद्दल समझोता झाला तेव्हा भारत सरकारने सांगितलं की गस्त आणि चराई दोन्ही २०२० पूर्वीसारखी होईल. मी ती बातमी दोनदा वाचली. साठ वर्षांच्या फाइलींमध्ये चराई हा शब्द बहुतेक वेळा दाव्याचा पुरावा म्हणून येत होता, अमक्याची गुरं इथे चरत म्हणून जमीन अमक्याची. या वेळी तो चरणाऱ्या गुरांसाठी आला. पण कुठल्या ओढ्यापर्यंत जायचं आणि कोणत्या महिन्यात, हे ज्याच्या बकऱ्या आहेत त्याने अजूनही सैन्याच्या चौकीवरच जाऊन विचारायचं असतं.